खुलं पत्र: कुठला नियम प्रकाशकाचा आणि कुठला तुमचा, ते आम्हाला दाखवा

मा. ग्रंथपाल आणि ग्रंथालय समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात लायब्ररीच्या काचेच्या दारावर दोन पानी सर्क्युलर लागलं, इंग्रजीत, ई-रिसोर्सेस, म्हणजे ऑनलाइन जर्नल्स वगैरे, वापरायच्या सुधारित नियमांचं. मी ते तिथेच उभ्याने तीनदा वाचलं. मग काउंटरवर विचारलं, अर्ज दिला, ईमेल टाकला, आठवड्याने पुन्हा जाऊन विचारलं, प्रत्येक वेळी उत्तर एकच, "वरून आलंय". वर कोण ते कुणी सांगत नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. विद्यापीठाचं नाव मुद्दाम टाकत नाही, तुम्हाला कळेलच, आणि मला कुणाची बदनामी करायची नाहीये, मला माझं वाचन परत हवंय.

आधी माझं सांगते, म्हणजे मी एवढी का पेटलेय ते समजेल. मी बदलापूरला राहते, कल्याणच्या बाजूला एका कॉलेजात सीएचबीवर इतिहास शिकवते, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुट्टीचे नाहीत. तुमच्या विद्यापीठात माझं पीएचडीचं रजिस्ट्रेशन आहे, तिसरं वर्ष चालू आहे. विषय आहे गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायका आणि १९८२ च्या संपानंतर त्यांचं काय झालं. हा विषय मला गाइडने दिलेला नाही. माझी आजी लालबागला खानावळ चालवायची, एका खोलीत, तिन्ही पाळ्यांचे मिळून पंधरा-सोळा गिरणी कामगार तिच्याकडे जेवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पगार थांबला तरी जेवण थांबवायचं कसं म्हणून आजी घालत राहिली. तिची उधारीची वही आमच्या घरी आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, डाव्या बाजूला नाव, उजव्या बाजूला रक्कम, आणि जून-जुलैपासून एकेका नावापुढे पेन्सिलीने लिहिलंय "गावी गेला". रक्कम तशीच, खोडलेली नाही. त्या वहीत सगळं आहे पण एका घरच्या वहीवर पीएचडी होत नाही, इतर कुणी काय शोधलंय, काय मोजलंय, खानावळवाल्या बायकांच्या अन्नपूर्णा महिला मंडळासारखं काम १९७५ मध्ये उभं राहिलं त्याबद्दल कुणी काय लिहिलंय, हे सगळं वाचायला लागतं, आणि ते जवळजवळ सगळं जर्नल्समध्ये आहे. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली मुंबईतूनच निघतं, पण त्याचे जुने अंक आपल्या लायब्ररीत आता जेस्टोअरवरच, म्हणजे जुन्या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहावरच बघायचे, छापील खंड वर गोडाऊनमध्ये गेलेत. म्हणजे लालबाग-परळबद्दल मुंबईत छापलेलं वाचायला मुंबईतल्याच बाईला परवानगीची खिडकी लागते, आणि ती खिडकी तुम्ही गेल्या महिन्यात अर्धी बंद केलीत.

सर्क्युलरमध्ये काय आहे ते ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घरून लॉगिन बंद. ई-रिसोर्सेस फक्त कॅम्पसच्या नेटवर, आणि बाहेरून येणाऱ्यांना लायब्ररीच्या ई-सेक्शनमध्ये, बारा कॉम्प्युटरवर. परमनंट प्रोफेसर सोडून एका मेंबरला दिवसाला दहाच पीडीएफ उघडता येतील. पेनड्राइव्ह नाही, स्वतःला ईमेलही नाही, हवं तर प्रिंट, पानाला पाच रुपये. वेळ साडेदहा ते पाच, शनिवारी दीडपर्यंत. ज्यांचं संशोधन केंद्र कॉलेजात आहे त्यांनी दर वेळी गाइडचं ताजं पत्र आणायचं. थिसिस सबमिट केला की त्या दिवसापासून मेंबरशिप बंद. कुणी एकाने नियम मोडला तर त्याच्या अख्ख्या डिपार्टमेंटचा ॲक्सेस एक महिना बंद. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, की हे सर्व नियम प्रकाशकांसोबतच्या करारानुसार आहेत.

माझं भांडण मुख्यतः त्या शेवटच्या ओळीशी आहे. पण आधी हे नियम प्रत्यक्षात कसे चालतात ते बघा.

मागच्या मंगळवारी सकाळी ७.२० ते १०.५० लेक्चर्स घेतली, कल्याणहून ट्रेन, पुढे बस, एकच्या सुमारास लायब्ररी. गाइडचं पत्र दाखवलं, रजिस्टरमध्ये सही केली, टोकन मिळालं. बारापैकी पाच कॉम्प्युटर बंद, त्यामुळे बाहेरच्या बाकावर पाऊण तास. मग सात नंबरच्या कॉम्प्युटरवर बसले, ज्याच्या कीबोर्डवरची ए आणि एस ही अक्षरं पुसलेली आहेत. आता संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की लेख कामाचा आहे का ते उघडल्याशिवाय कळत नाही. पहिला उघडला तो दोन पानी पुस्तक परीक्षण निघाला. दुसरा अहमदाबादच्या गिरण्यांवर. तिसरा म्हणजे नुसतं शुद्धिपत्र. असं करत तीन वाजता दहावा लेख उघडला आणि त्याच्या तळटीपेत मला जे दोन वर्षं हवं होतं ते सापडलं, १९८० च्या दशकातल्या एका लेखाचा संदर्भ, थेट परळच्या खानावळवाल्यांवर. त्यावर क्लिक केलं तर स्क्रीनवर मेसेज, आजची मर्यादा संपली. काउंटरवरचे काका चांगले आहेत, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, उद्या या ना." उद्या म्हणजे पुन्हा बदलापूर, पुन्हा अडीच तास जायला आणि अडीच यायला, आणि उद्या माझी लेक्चर्स दुपारची होती.

शनिवारी गेले. लेख मिळाला, चौदा पानांचा. प्रिंटरचा टोनर संपलेला होता, सोमवारी येईल म्हणाले. पेनड्राइव्ह नाही, ईमेल नाही, मोबाइलने स्क्रीनचा फोटोही काढायचा नाही असं भिंतीवर चिकटवलंय. मग मी ते हाताने उतरवून काढलं, साडेअकरा ते दीड, नऊ पानं झाली आणि दिवे बंद करायला लागले. उरलेली पाच पानं अजून तिकडेच आहेत. लालबागच्या चाळीत एक ८१ वर्षांच्या आजी आहेत, त्यांची मी मुलाखत घेतेय, त्या दर वेळी विचारतात, "आमच्यावर कुणीतरी लिवलं होतं गं, मिळालं का तुला?" त्यांना मी माझ्या फोनवर दाखवणार होते, वाचून दाखवणार होते. मी काय दाखवू, माझ्या वहीतलं माझंच अक्षर?

आता मुद्द्याचं. तुम्ही म्हणता करार. अशा करारांचा साचा बहुतेक सगळीकडे सारखाच असतो, बरेच प्रकाशक आपल्या वापराच्या अटी वेबसाइटवर उघड ठेवतात, कुणीही वाचू शकतं, मी वाचल्या. त्यात साधारण असं असतं की अधिकृत वापरकर्ते म्हणजे संस्थेचे विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी, आणि सुरक्षित लॉगिन असेल तर ते घरून वाचतायत की कॅम्पसमध्ये याने फरक पडत नाही. लायब्ररीत येऊन बसणाऱ्या बाहेरच्या वाचकालासुद्धा बऱ्याच करारांत मुभा असते. स्वतःच्या अभ्यासासाठी लेख उतरवून ठेवता येतो, प्रिंट काढता येते. मनाई कशाला असते तर प्रोग्राम लावून ढिगाने डाउनलोड करायला, अंकच्या अंक उतरवायला, पासवर्ड दुसऱ्याला द्यायला, पीडीएफ ग्रुपवर टाकायला, विकायला, आणि अलीकडे काही करारांत एआयच्या टूलमध्ये लेख भरायलासुद्धा. या सगळ्या मनाया मला मान्य आहेत. एकीवरही माझी हरकत नाही. पण दिवसाला दहाच, पेनड्राइव्ह नाही, स्वतःच्या ईमेलवर नाही, एकाची शिक्षा डिपार्टमेंटला, हे कुठल्या प्रकाशकाच्या कुठल्या कलमात आहे ते दाखवा. पेनड्राइव्हने व्हायरस येतो म्हणून बंदी असेल तर तसं लिहा, तो तुमचा नियम आहे, त्यावर बोलता येईल, त्याला कराराचं नाव देऊ नका.

शिवाय आपल्या देशाचा कॉपीराइट कायदा आहे, १९५७ चा, त्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापर आणि संशोधनासाठी वाजवी वापराला जागा ठेवलेली आहे. ई-जर्नल्सचं प्रकरण कराराने चालतं हे मला माहितीये, पण कायदा वाचकाकडे चोर म्हणून बघत नाही एवढं त्यातून दिसतं.

दुसरं, हे नियम ज्या कारणाने आले ते कारण खरं आहे, ते मी नाकारत नाही. दिवाळीनंतर एका मोठ्या प्रकाशकाची जर्नल्स नऊ दिवस उघडत नव्हती कारण कुणीतरी ढिगाने डाउनलोड केलं होतं. तुम्हाला तिकडून मेल आला असणार, खुलासे द्यावे लागले असणार, आणि स्टाफ किती कमी आहे ते आम्हाला रोज दिसतं. पण हे नेमकं कसं घडतं ते समजून घ्या, कारण तुमचा उपाय बरोबर उलटा झालाय. प्रकाशकाच्या सर्व्हरला माणूस दिसत नाही, आयपी ॲड्रेस दिसतो, म्हणजे इंटरनेट कनेक्शनचा नंबर. कॅम्पसमधले शेकडो कॉम्प्युटर आणि मोबाइल बाहेर एखाद-दोन आयपी म्हणूनच दिसतात. एकाने ब्राउझरला डाउनलोडर लावला की तिकडे तो आयपीच बंद होतो, म्हणजे अख्खा कॅम्पस बंद. याउलट घरून लॉगिन करणारा स्वतःच्या आयडी-पासवर्डने येतो. घरून लॉगिनसाठी इझीप्रॉक्सी हे सॉफ्टवेअर असो नाहीतर इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राची इन्फेड ही लॉगिन सेवा असो, कोण आलं, किती वाजता, काय उतरवलं याची नोंद त्याच्या नावावर ठेवता येते, आणि गडबड दिसली तर त्या एकाचं खातं थांबवता येतं. तुमच्या ई-सेक्शनमध्ये मात्र बाराही कॉम्प्युटरवर एकच कॉमन लॉगिन आहे, मी स्वतः वापरते म्हणून सांगते, आणि कॅम्पस वायफायचा पासवर्ड तर कँटीनमध्येसुद्धा सगळ्यांना पाठ आहे. जिथे माणूस सापडतो ते दार तुम्ही बंद केलंत आणि जिथे सापडत नाही ते उघडं ठेवलंत, आणि मग माणूस सापडत नाही म्हणून डिपार्टमेंटला शिक्षा.

घरून लॉगिन आपल्याला जमत नाही असंही कुणी म्हणू नये. २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा मी आपल्याकडे एमए करत होते, पंधरा दिवसांच्या आत आम्हाला लॉगिन आलं होतं, ओटीपीसकट, आणि आमचं डिझर्टेशन त्याच्यावर झालं. तेव्हा तुम्ही ते केलंत त्याबद्दल आजही आभार मानते. तीच सिस्टीम गेल्या महिन्यापर्यंत चालू होती.

तिसरं, हे नियम कुणाला लागतात ते बघा. परमनंट प्रोफेसर कॅम्पसवरच असतात, त्यांच्या केबिनमध्ये नेट आहे, त्यांना दहाची मर्यादा नाही, सर्क्युलरमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. फेलोशिपवाले हॉस्टेलला राहतात, ते रात्री वायफायवर वाचतात. राहिलं कोण? बदलापूर, विरार, पनवेल, कसारा इकडून येणारे, नोकरी करून पीएचडी करणारे, लहान मूल घरी ठेवून येणाऱ्या बायका. माझी वाचायची वेळ रात्री साडेनऊ ते बारा आहे, मुलगी झोपल्यावर. त्या वेळेत तुमची लायब्ररी बंद असते हे मला समजतं, लायब्ररी रात्रभर उघडी ठेवा असं मी कधी म्हटलं नाही, ई-जर्नल घ्यायचं कारणच हे की ते रात्री वाचता येतं. आणि घड्याळ आमच्यासाठी थांबत नाही, यूजीसीच्या २०२२ च्या नियमात पीएचडीला जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत, बायकांना त्यापुढे सवलत आहे, पण मंगळवार आणि शनिवारचे दहा-दहा लेख धरून सवलतीतसुद्धा हे संपणार नाही.

आणि सबमिशननंतर लगेच मेंबरशिप बंद, हे तर मला अजिबात समजलं नाही. सबमिशन ते व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, यात कित्येक महिने जातात, परीक्षकांच्या हरकतींना उत्तर द्यायचं असतं, नवीन काय आलंय ते वाचायचं असतं. त्या काळात तो माणूस विद्यापीठाचा विद्यार्थी नाही तर कोण आहे?

कॉलेजमधल्या साध्या विद्यार्थ्यांचा मुद्दा वेगळा आहे आणि तिथे मी तुमची बाजूही समजू शकते. सगळी संलग्न कॉलेजं विद्यापीठाच्या करारात बसत नाहीत, प्रकाशक विद्यार्थीसंख्या आणि कॅम्पस बघून दर लावतात. पण त्यांच्यासाठी एन-लिस्ट ही इन्फ्लिबनेटची कॉलेजांसाठीची ई-रिसोर्सेसची योजना आहे, त्यात कॉलेजने नोंदणी केली की प्रत्येकाला स्वतंत्र आयडी मिळतो आणि घरून वाचता येतं. माझ्या टीवायच्या वर्गातल्या मुलींना ते आहे हेच माहीत नव्हतं, कॉलेजला पण नीट माहीत नव्हतं. एक दिवस तुम्ही कॉलेजच्या ग्रंथपालांना बोलावून समजावलंत तर किती मुलांचं काम होईल. मात्र पीएचडीचे विद्यार्थी, मग केंद्र कॉलेजात असो की कुठेही, रजिस्ट्रेशन विद्यापीठाचं, फी विद्यापीठाला, डिग्री विद्यापीठाची, त्यांना दर वेळी पत्र आणायला लावणं बरोबर नाही. माझे गाइड आठवड्यातून दोन दिवस भेटतात, ते दोन दिवस मी सहीच्या मागे घालवू की चर्चेत?

पैशाचंही बोलायला हवं, कारण "एवढं महाग आहे, जपून वापरायला हवं" हे मी काउंटरवर दोनदा ऐकलं. महाग आहेच. बाहेरून एक लेख विकत घ्यायचा तर साधारण ३० ते ४० डॉलर पडतात, म्हणजे अडीच ते साडेतीन हजार रुपये, मी कधीच घेऊ शकणार नाही. म्हणूनच तर ते जास्तीत जास्त वाचलं जायला पाहिजे. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ ला वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे सरकारी संस्थांसाठी जर्नल्स एकत्र घ्यायची योजना, मंजूर केली, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, ६,३०० सरकारी संस्था, १.८ कोटी विद्यार्थी-शिक्षक-संशोधक. हे लोकांच्या कराचे पैसे आहेत आणि ते आधीच मंजूर झालेत. मी आज एक लेख वाचला काय आणि शंभर वाचले काय, सरकारचा एक रुपया जास्त जात नाही. पाणी भरून ठेवलंय आणि ग्लास दिवसाला दहाच.

एक गोष्ट सांगायला मला वाईट वाटतं पण सांगते. सर्क्युलर लागल्यापासून आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक चोरीच्या साइटवर आणि टेलिग्रामच्या चॅनेलवर गेलेत. प्रकाशकांनी २०२० मध्ये दिल्ली हायकोर्टात अशाच साइटविरुद्ध केस केलीये, हे त्यांना माहीत आहे, तरी गेलेत, कारण रात्री अकरा वाजता लेख हवा असतो आणि तो तिथे मिळतो. मी गेलेले नाही. मी लायब्ररीला फी भरते, मला माझ्या लायब्ररीच्या नावावर वाचायचंय आणि थिसिसच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव खरेपणाने लिहायचंय.

मागण्या सरळ आहेत.

घरून लॉगिन पंधरा दिवसांत परत चालू करा, ज्याच्या-त्याच्या नावाच्या आयडीवर, ओटीपी लावा, सहा महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावा, आम्ही तक्रार करणार नाही. दहाची मर्यादा काढा. गैरवापर ओळखायचा तर मिनिटाला किती लेख उतरतायत ते बघा, दिवसभर बसून वीस लेख चाळणारा माणूस आणि मिनिटाला तीस उतरवणारा प्रोग्राम यातला फरक लॉगमध्ये लगेच दिसतो.

स्वतःच्या अभ्यासासाठी पीडीएफ घेऊन जाऊ द्या, निदान लायब्ररीच्या मशीनवरून स्वतःच्या विद्यापीठाच्या ईमेलवर.

डिपार्टमेंटला शिक्षा हा नियम रद्द करा. ज्याने केलं त्याला आधी विचारा, त्याचं ऐकून घ्या, मग त्याच्यावर काय ती कारवाई करा. कितीतरी पोरांना ढिगाने डाउनलोड करायला करारात मनाई आहे हेच माहीत नसतं, त्यांना फर्स्ट इयरलाच तासभर सांगा.

गाइडचं पत्र वर्षातून एकदा. मेंबरशिप डिग्री हातात पडेपर्यंत.

आणि नियम मराठीतही छापा, तीन रकान्यांत: काय चालतं, काय चालत नाही, आणि हा नियम प्रकाशकाचा आहे की आपला. किमती गुप्त ठेवायच्या असतील तर ठेवा, पण वापराच्या अटी ज्यांनी पाळायच्या त्यांना त्या वाचायला मिळाल्या पाहिजेत. हे लेखी मिळालं नाही तर मी माहितीच्या अधिकारात अर्ज करीन, २००५ च्या कायद्याखाली, पण तिथपर्यंत जायची माझी इच्छा नाही, कारण तो वेळही वाचनातूनच जाणार.

समितीत संशोधक विद्यार्थ्यांचा एकही माणूस नाही, निदान लांबून येणाऱ्यांपैकी एक घ्या. बैठक मंगळवारी किंवा शनिवारी ठेवलीत तर मी स्वतः यायला तयार आहे.

उत्तर नोटीस बोर्डावर लावलंत तरी चालेल. मी येत्या शनिवारी साडेदहाला तिथे असेनच, त्या लेखाची पाच पानं उतरवायची राहिलीयेत.

आपली विश्वासू,
एक पीएचडी विद्यार्थिनी, बदलापूर